कारणाच्या रकान्यात आबांची चाल

आधी सुदाम नानांचं नाव लिहितो, मग माझं. नाना माझ्या नात्यातले नाहीत, भावकीतले नाहीत, गावचेही नाहीत. ते आटपाडीकडचे, मी विष्णू, जिंतूरकडचा. आम्हा दोघांत सामाईक अशी एकच वस्तू होती, एक लोखंडी खाट. तिच्यावर रात्री मी झोपायचो आणि दिवसा ते. ते नसते तर मी आज हे लिहायला बसलो नसतो, म्हणून त्यांचं नाव सगळ्यात वर. त्यांच्यानंतर डॉक्टर मॅडम, पण त्यांनी नाव लिहू नको म्हणून सांगितलंय. आणि वॉर्डात शेजारच्या पेशंटची आई. तिचं नाव विचारायचंच राहून गेलं, ती रुखरुख अजून आहे.

मी सातवी शिकलोय. मॅडम म्हणाल्या, "तुला झालं तसं फार थोड्यांना होतं, आणि ज्यांना होतं त्यांना ते सांगता येत नाही. तू जमेल तसं लिहून काढ." म्हणून लिहितो. औषधांची नावं लिहिणार नाही, ती ज्याची त्याला डॉक्टर देतात. काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

*

चाकणजवळ महाळुंग्यात आमची खोली. पत्र्याची, एका ओळीत नऊ खोल्या, पुढं एक नळ. आमच्या खोलीत खाटा दोन आणि माणसं चार. कंपन्यांच्या भागात ही पद्धतच आहे. एकाची शिफ्ट सुटते तेव्हा दुसऱ्याची लागते, मग खाट रिकामी कशाला ठेवायची. दुसऱ्या खाटेवर लातूरकडचे दोघं सख्खे भाऊ. त्यांचा आमचा संबंध बादलीपुरता.

मी प्रेस शॉपला होतो. पत्रा मशीनखाली ठेवायचा, बटण दाबायचं, दाबलेला पार्ट काढायचा. पहिली शिफ्ट, सात ते साडेतीन. नाना एका गोडाऊनच्या गेटवर वॉचमन, रात्री आठ ते सकाळी आठ. मी सहाला निघायचो, नाना नऊच्या सुमाराला येऊन त्याच अंथरुणावर पडायचे. साडेचारला मी परतलो की ते उठून चहा ठेवत असायचे, आणि सातला त्यांची निघायची वेळ. म्हणजे दिवसातले अडीच तास आम्ही एकमेकांना दिसायचो.

उन्हाळ्यात पत्रा असा तापतो की आत भाकरी भाजावी. शेजारी फॅब्रिकेशनचं दुकान, दिवसभर ग्राइंडर. त्यात नाना डोळ्यांवर ओला पंचा टाकून पडायचे. मी एकदा विचारलं, "नाना, लागते का हो झोप?"

"लागती की. अकरा वर्सं लागती." मग पंचा पिळता पिळता म्हणाले, "रातची झोप कशी असती ते मातर इसरलो गड्या."

तेव्हा मी हसलो होतो.

*

माझे वडील, आम्ही आबा म्हणायचो, लग्नाच्या बँडमध्ये क्लारनेट वाजवायचे. सीझनला चार महिने बँड, बाकी वर्षभर मजुरी. वरात नवरदेवाच्या दाराशी पोचली की बाकीच्या बँड पार्ट्या नाचाचं गाणं अजून जोरात करतात. आबांच्या पार्टीत उलटं होतं. ढोल-ताशा थांबायचा आणि एकटे आबा सावकाश एक चाल वाजवायचे. ती त्यांची स्वतःची होती. तिला नाव नाही. लोक 'आबाची चाल' म्हणायचे. ती ऐकली की बायका आरतीचं ताट घेऊन दारात यायच्या, आणि नाचून घामेजलेली माणसं गप होऊन उभी राहायची.

आबा गेले. क्लारनेट पार्टीच्या मालकाचं होतं, ते परत गेलं. राहिलं ते माझ्या मोबाइलमधलं एक रेकॉर्डिंग, साडेपाच मिनिटांचं. चुलतबहिणीच्या लग्नात मीच केलेलं. आबा गेल्यावर दोन वर्षं ते उघडायची हिंमत झाली नाही. चाकणला आल्यावर उघडलं.

बायको सविता आणि लेक आरू गावाकडं. इथं शिफ्टमध्ये जे बोलणं होतं तेवढंच. म्हणून संध्याकाळी आंघोळ करून खाटेच्या कडेला बसायचो, कानात हेडफोन घालायचो आणि आबा लावायचो. दुसऱ्या मिनिटाला एक जागा आहे. तिथं आबा दम घेतात, तो दम ऐकू येतो, आणि मग सूर वर चढतो. त्या जागेला माझ्या अंगावर काटा यायचा. आवडत्या गाण्यानं कुणाच्याही येतो, तसाच.

पुढं पुढं काट्याच्या मागून अजून काहीतरी येऊ लागलं. पोटातून ऊब वर सरकायची. तोंडात गूळ खाल्ल्यासारखी चव. आणि मग वाटायचं, पाठीमागं खाटेवर कुणीतरी येऊन बसलंय. खाट तेवढी दबायची. मला माहीत असायचं की आबा आहेत. मी मागं वळून बघायचो नाही, वळलो तर उठून जातील म्हणून. त्यानंतरचं काही आठवायचं नाही. भानावर यायचो तेव्हा डोकं जड आणि मन शांत असायचं.

मला वाटायचं, गाण्याचा आनंद म्हणतात तो हाच. ज्याला महिनोन्महिने कुणी नावानं हाक मारत नाही, त्याच्या खाटेवर रोज संध्याकाळी बाप येऊन बसतो. हे कोण डॉक्टरला सांगायला जाईल?

एकदा नानांनी दूध ठेवलं आणि मला बघ म्हणून सांगून नळावर गेले. परत आले तर दूध उतू जाऊन स्टोव्ह विझलेला.

"विष्णू, तीन हाका मारल्या तुला. ओठ चाटत बसलावतास नुसता."

"डोळा लागला नाना."

"डोळे टक्क उघडे हुते की. खरं सांग, गांजा-बिंजा घेतोस का काय?"

"आरूची शपथ नाना, बिडीसुद्धा नाही."

"मग दूध तरी घे जरा. ऱ्हायलंच कुठं म्हणा आता."

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडं मशीनची पूजा असते. त्या दिवशी प्रेस धुऊन पुसून हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात, नारळ फोडतात. त्या वर्षी साहेबांनी हौसेनं गेटवर बँड बोलावला होता. सगळ्या मशीन बंद होत्या. माझं नशीब तेवढंच.

मी माझ्या प्रेसला माळ घालत होतो. बाहेरून क्लारनेट ऐकू आलं. चाल आबांची नव्हती, पण सावकाश होती, आणि वाजवणाऱ्यानं मध्येच तसाच दम घेतला. पोटातून ऊब वर आली. मला वाटलं, आबा आज इथं कसे?

मग फरशी. कपाळातून रक्त आणि नाकाला कुणाचा तरी बूट लावलेला. सुपरवायझर घाबऱ्या आवाजात सांगत होता, "हातपाय झाडत होता राव, फेस आला तोंडाला. प्रेस चालू असती तर?" मी दोन्ही हात डोळ्यांपुढं धरून दहा बोटं मोजली.

इथं एक सांगतो, कारण हे वाचणाऱ्यापुढं कधी कुणी असं पडेल. बूट, कांदा नाकाला लावून काही होत नाही. तोंडात काही कोंबू नका, हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही घाला, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेलं तर थांबू नका, हॉस्पिटल गाठा. मला हे सगळं नंतर कळलं.

*

सरकारी हॉस्पिटलात तीन दिवस होतो. डोक्याचा फोटो काढला, स्वच्छ आला. डोक्याला तारा चिकटवून मेंदूची पट्टी काढतात, तीही स्वच्छ आली. तरुण डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी असं झालं होतं?"

"नाही."

"मध्येच हरवल्यासारखं होतं का? कशानं होतं असं वाटतं?"

"नाही सर. काहीच नाही."

खोटं बोललो. आबांचं सांगितलं तर ते काढून घेतील, ही भीती झटक्याच्या भीतीपेक्षा मोठी होती. हे वाचणाऱ्यानं माझी ही एक चूक तरी करू नये.

वॉर्डात रोज एकच प्रश्न, "सोबत कोण आहे?" औषध आणायला, कागदावर सही करायला, बाटली संपली म्हणून सांगायला सोबतचा माणूस लागतो. माझा चुलतभाऊ दिघीला राहतो. तो आला, हेल्मेट हातात धरूनच उभा राहिला. "घरात लहान लेकरं आहेत विष्णू, तुझी वहिनी घाबरती. समजून घे." बिस्किटाचा पुडा उशाला ठेवून गेला. मी समजून घेतलं. पुडा तिथंच राहिला.

शेजारच्या खाटेवर एक पोरगा होता, अपघातानं बेशुद्ध. त्याची आई रोज त्याच्यासाठी डबा आणायची आणि तो काही जेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी तिनं डबा उघडून माझ्यापुढं ठेवला. "खा बाबा. परत न्यायचा झाला की माझा पाय उचलत नाही." मी खाल्लं. ती माझ्या तोंडाकडं बघत बसली होती, माझ्याकडं नाही. पहिल्यांदाच मला कळलं की जेवणं हेसुद्धा कुणाचं तरी काम करणं असतं.

नाना रोज ड्यूटी सुटली की तसेच गणवेशात यायचे. स्टुलावर बसायचे आणि बसल्या बसल्या झोपायचे, टोपी मांडीवर. सिस्टर एकदा म्हणाली, "तुमच्यात पेशंट नक्की कोण आहे?"

"म्हातारा दिसतो तो मी," नाना डोळे न उघडता म्हणाले. "पन नाव ह्याचं लागलंय कागदावर."

सविताला मी पाय घसरला एवढंच सांगितलं होतं. चुलतभावाकडून तिला खरं कळलं. तिनंच फोन लावला. म्हणाली, "माह्या माणसाला काय झालं ते मला लोकानं सांगावं का?" आणि नंतर, "या निघून. जे असंल ते इथं बघू." मी गेलो नाही. गावाकडं जाऊन करणार काय होतो.

*

गोळ्या सुरू झाल्या. कामावर गेलो तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "भाऊ, प्रेसवर आता नाही. पॅकिंगला बस. पण एक सांगतो, परत झटका आला तर मला पॅकिंगलापण ठेवता येणार नाही. वरून विचारतात." त्याचंही चुकत नव्हतं. पण त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला.

पॅकिंगला मी, टेप आणि खोकी. जेवायच्या सुट्टीत बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहू लागली. कुणी वाईट बोललं नाही. फक्त सरकून बसायचे.

मग मी काय केलं असेल? आबांना जास्त लावू लागलो. एकदाच्या ऐवजी दोनदा. एकटं वाटलं की लावायचं. आणि झटके, ते छोटे, हरवल्यासारखे, वाढत गेले. गोळ्या असून वाढले. मी समजत होतो की आजार आपला वाढतोय आणि आबा तेवढा आधार देतायत.

एका संध्याकाळी नानांनी चहाबरोबर एक वही पुढं केली. दोनशे पानी, आरूच्या शाळेत असते तशी. आत पट्टीनं आखलेले रकाने, गेटच्या रजिस्टरला असतात तेच. तारीख, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ, कारण, शेरा. आत म्हणजे झटका सुरू, बाहेर म्हणजे संपला. नानांनी सात वेळचं लिहिलं होतं. शेऱ्यात 'ओठ चाटला', 'डावा हात शर्टाशी', 'हाक ऐकली नाही'. पहिल्या दोन वेळी कारणाच्या रकान्यात 'उपाशी?', 'ऊन?' असं होतं. तिसऱ्यापासून खालपर्यंत एकच लिहिलेलं: 'बापाची चाल. दुसरं मिनिट.'

माझं डोकं सणकलं. "तुम्ही माझ्या आबांना कारण लिहिता?"

"मी तुझ्याकडनं हेडफोनचा एक तुकडा मागून माझ्या कानात घालून ऐकलंय विष्णू. येकदा न्हाई, चारदा. सूर चढला की तू गेलास."

"तुम्हाला काय कळतं गाण्यातलं?"

"गाण्यातलं न्हाई कळत. गेटवरचं कळतं." नाना शांतच होते. "जे आत येतंय ते मी लिवतो. चांगलं का वाईट ते मी ठरवत न्हाई."

मी ते पान फाडलं. चुरगाळून बाहेर फेकलं आणि म्हणालो, "आजपासून तुमचा चहा नको." नाना उठले, गणवेश घातला, टोपी घेतली. दारातून वाकून तो बोळा उचलला, खिशात घातला आणि ड्यूटीला गेले.

*

हे पुढचं मला खूप नंतर समजलं.

चाकणला यायच्या आधी नाना पिंपळे सौदागरला एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर होते. तिथं मेंदूच्या डॉक्टर असलेल्या एक मॅडम राहायच्या. नानांनी चार वर्षं त्यांची गाडी आली की गेट उघडलं होतं, बोलणं नमस्कारापुरतं. त्याच सोसायटीत एका मोठ्या माणसाच्या मुलाला नानांनी 'रजिस्टरमध्ये नाव लिहा' म्हणून अडवलं. मुलानं चारचौघांत त्यांची टोपी काढून फेकली, आणि माफी नानांनाच मागायला लावली. दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. या गेटात परत पाय ठेवणार नाही, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलेलं.

माझ्यासाठी ते त्या गेटात गेले. सुट्टीच्या दिवशी, दोन बस बदलून. नव्या वॉचमननं त्यांच्यापुढं रजिस्टर सरकवलं आणि नानांनी स्वतःचं नाव लिहिलं. कोणाकडे, कारण, सगळं. दीड तास कट्ट्यावर बसले. मॅडमची गाडी आली तेव्हा त्यांनी ते इस्त्री केल्यासारखं सपाट केलेलं पान काचेतून आत दिलं.

मॅडमनी तिथंच गाडीत वाचलं. म्हणाल्या, "हे कुणी लिहिलं?"

"मीच. अक्षर बरं न्हाई माझं."

"अक्षर राहू द्या. माझ्याकडं शिकायला येतात ते डॉक्टरसुद्धा इतकं नीट लिहून आणत नाहीत. उद्याच आणा त्याला. आणि ते गाणं घेऊन या."

*

मला तयार करायला नानांना चार दिवस लागले. शेवटी ते एवढंच म्हणाले, "पुढचा झटका पॅकिंगला आला तर काम गेलं. रस्त्यात आला तर तू गेलास. मग त्या मोबाइलात तुझा बाप कुनासाठी वाजवनार?"

मॅडमच्या हॉस्पिटलात परत डोक्याला तारा लावल्या. ताराताराला चिकट मलम, केसांत नुसता गुंता. पडद्यावर रेघा सुरू झाल्या, भाताच्या खाचरात वाऱ्यानं पाणी हलावं तशा बारीक. मागच्या वेळी मी शांत पडून होतो, म्हणून काही सापडलं नव्हतं. या वेळी मॅडमनी स्वतः माझ्या कानात हेडफोन घातले.

पहिलं मिनिट गेलं. दुसऱ्यात आबांनी दम घेतला. काटा, ऊब, गूळ. खाट दबली.

भानावर आलो तेव्हा नानांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि मॅडम पडद्याकडं बघत होत्या. त्यांनी मला नंतर दाखवलं. एका जागेपर्यंत रेघा बारीक, प्रत्येक आपल्या चालीनं. आणि मग उजव्या कानशिलाजवळच्या रेघा सगळ्या एकदम उंच, एकाच ठोक्यात, करवतीच्या दातांसारख्या.

मॅडमनी सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो. मेंदूत अगदी बारीक पेशी असतात, न मोजता येतील इतक्या. त्या विजेनं एकमेकींना निरोप देतात. गाणं ऐकलं की काही पेशी सूर ओळखतात, काही पुढचा सूर कुठला येणार याची वाट बघतात, काही आठवणी काढून देतात. वाट बघितली तो सूर आला की ज्या जागेतून सुख वाटतं त्या पेशी जाग्या होतात. त्यानंच काटा येतो. माझ्या मेंदूत एका जागी या पेशी जाग्या झाल्या की थांबत नाहीत, शेजारणींनाही ओढतात.

"तुमच्या बँडमध्ये प्रत्येक जण आपलं आपलं वाजवतो, म्हणून गाणं होतं ना?" मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांनी मिळून एकच ठोका मारायला लागलं तर?"

"मग क्लारनेट ऐकू येणार नाही."

"तेच."

मी केसांतलं मलम बोटानं काढलं. मग विचारलं, "मॅडम, मग पाठीमागं येऊन बसतात ते?"

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. "ती झटक्याची सुरुवात आहे विष्णू. ऊब, चव, कुणीतरी आहे असं वाटणं, सगळंच. आनंद खोटा नव्हता. ज्या पेशी आनंद देतात त्यांच्यातूनच हे सुरू होतं. पण कुणी आलेलं नव्हतं."

बसमध्ये नाना शेजारी होते. कितीतरी स्टॉप गेले. मोशीला मी म्हणालो, "इतके दिवस मी एकटाच बसलेलो होतो का हो?"

"मी हुतो की समोर," नाना म्हणाले. "चहा घिऊन."

*

मॅडमनी गोळ्या बदलल्या आणि ती चाल बंद केली. मी रेकॉर्डिंग एका मेमरी कार्डात घालून नानांकडं दिलं आणि मोबाइलमधून पुसलं. नानांनी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गणवेशाच्या शिट्टीच्या खिशात ठेवलं.

त्यानंतरचे महिने सगळ्यात वाईट गेले. झटके नव्हते, पण दुसरं काहीही नव्हतं. कुठलंही गाणं लागलं की आधी भीती वाटायची. लग्नसराईत रस्त्यावरून वरात आली की कानात बोटं घालून खोलीत बसायचो. नव्या गोळ्यांनी सगळं गार वाटायचं, जेवणसुद्धा. एका रविवारी मी नानांच्या हातापाया पडलो. "एकदाच द्या. एक मिनिटापर्यंतच ऐकतो, दम घ्यायच्या आधी बंद करतो."

"न्हाई."

"तुमचा बाप असता तर?"

"माझा बाप असता तर मीच तुझ्या पाया पडलो असतो. आनि तू दिलं नसतंस." असं म्हणून ते शिट्टीच्या खिशाचं बटण लावून नळावर गेले. त्या दिवशी ड्यूटीला जाईपर्यंत त्यांनी शर्ट अंगावरून काढला नाही, आंघोळसुद्धा केली नाही.

सविताला मी सगळं सांगितलं, खाटेवर बसणाऱ्या आबांचंही. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "माह्याशी बोलला असता तर ते कशाला आले असते?" तेव्हापासून साडेचारचा चहा झाला की रोज फोन करतो. आरू फोनवर पाढे म्हणते. पाढ्यांनी काही होत नाही, हे मी मॅडमना विचारून घेतलंय.

*

चौदा महिने एकही झटका आला नाही. मग मॅडमनी परत बोलावलं. परत तारा, परत मलम. नानांनी खिशातून कार्ड काढून दिलं.

आबांनी दम घेतला. मी गादीची कड घट्ट धरली. सूर चढला. काटा आला नाही. ऊब नाही, गूळ नाही. पाठीमागं कुणी नाही. रेघा बारीकच राहिल्या. आणि चाल पुढं गेली.

पुढं काय आहे ते मी विसरलोच होतो. माझ्यासाठी ती कायम दुसऱ्या मिनिटाला संपायची. सुरुवातीला कधी पूर्ण ऐकली असेल, पण ते डोक्यात राहिलं नव्हतं. तिसऱ्या मिनिटाला आबांचा एक सूर चुकतो. जनरेटरचा आवाज आहे. कुणाचं तरी लेकरू रडतं. चाल खाली उतरत येते आणि दारात थांबावी तशी थांबते. मग आबांचा खोकला. मग त्यांचा आवाज, थकलेला, रोजचा. "पानी आन रे विष्णू. घसा सुकला."

आणि माझा आवाज: "आनतो आबा." तिथंच रेकॉर्डिंग संपतं, कारण मी पाणी आणायला गेलो होतो.

मॅडम म्हणाल्या, "काय वाटलं?"

"काटा नाही आला."

"गोळ्यांनी पेशी शांत होतात, तेव्हा त्यांच्याबरोबर आणखीही थोडं शांत होतं. हळूहळू येईल कदाचित. नाहीही येणार. मला खात्रीनं सांगता येणार नाही."

मी म्हणालो, चालेल. आबांनी मला नावानं हाक मारलेली मोबाइलात होती आणि मला ठाऊक नव्हतं.

आता मी पॅकिंगलाच आहे, पक्का. प्रेसवर जाणार नाही. चाल आठवड्यातून एकदा ऐकतो, नाना समोर असताना, शेवटपर्यंत. गोळी एकही चुकवत नाही.

*

नाना, हे तुमच्यासाठी. तुम्ही वाचाल तेव्हा चष्मा लावा.

तुमची नजर कमी होत चालली आहे, एजन्सीवाला एक दिवस नको म्हणेल, आणि तुम्ही कुणाला सांगणार नाही. गावाकडं माझ्या दोन खोल्या आहेत. मागच्या खोलीत मी एक खाट घालणार आहे. ती कुणाच्या वाटणीतली नसेल, दिवसाही तुमची आणि रात्रीही तुमची. सविताला सांगून ठेवलंय. मी त्या पत्र्याखाली जितक्या रात्री झोपलो, तितक्या रात्री तुम्ही गेटवर उभे होतात. त्या मी तुम्हाला परत देणार. वेळ लागेल, पण देणार.

पहिल्या रात्री दाराशी मी बसेन. वही आणून ठेवली आहे, रकाने आखलेले आहेत. नाव, सुदाम नाना. आत येण्याची वेळ, रात्री नऊ. कारण, झोप. बाहेर जाण्याच्या वेळेचा रकाना मी मोकळा ठेवीन.